पुढच्या चाकांचं काय झालं?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारी सकाळी (म्हणजे आमच्या जमातीची सकाळ, साडेदहाची!) फोन वाजला. परभणीहून चुलतभाऊ.

"गाडी घ्यायलोय. डबल केबिनची, माग माल टाकायची. पण एकाच गाडीचे इतके प्रकार हायेत की डोकं चालना. तू इंजिनिअर हाईस ना, तूच सांग कोणता घेऊ."

आता मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पण गावाकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. मोटारीचा पंप, इन्व्हर्टर, आत्याच्या मोबाईलचं व्हॉट्सअ‍ॅप, सगळं त्यातच आलं. म्हटलं बघतो. आयटीवाला कोणताही प्रश्न आला की आधी एक्सेल उघडतो, तसं मीही उघडलं. उभ्या रांगेत गाड्या: बोलेरो कॅम्पर, इसुझूची हाय-लँडर, व्ही-क्रॉस झेड, झेड प्रेस्टिज. आडव्या रांगेत किंमत, टॉर्क, जमिनीपासूनची उंची, एअरबॅगा आणि शेवटी तो कळीचा रकाना: टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील?

भावाचा हट्ट फोर-व्हीलचा होता आणि त्याला कारण होतं.

आमचं गाव परभणी-जिंतूर रस्त्यापासून आत. गावापर्यंत डांबर आहे. पण आमचं घर गावात नाही, शेतात आहे, आणि मधे सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर पांदण. पांदण म्हणजे दोन बाजूंना बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि खाली निव्वळ काळी माती. सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात 'गुलाब' चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर कोसळला, तेव्हा एका पहाटे आजीचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात उचलेना. काकांनी तिला जुन्या पिकअपमध्ये घातलं. गाडी अडीचशे मीटर गेली आणि बसली. मागची चाकं जागेवर फिरत होती, पुढची दोन नुसती बघत होती. शेजारच्या शिवारातून ट्रॅक्टर आणून गाडी ओढून डांबराला लावेपर्यंत दोन तास गेले. अर्धांगवायूत सुरुवातीचे साडेचार तास महत्त्वाचे असतात, हे मला नंतर कळलं. काकांना तर त्याहून नंतर. आजी वाचली. उजवी बाजू परत आली नाही.

त्यामुळे भाऊ जेव्हा म्हणाला "पुढची चाकं पन फिरायला पाहिजेत", तेव्हा मी गप्प बसलो आणि कामाला लागलो. एक्सेलमध्ये एक गोष्ट मात्र खटकत राहिली. ही असली गाडी मुळात चारही चाकांवरच चालायची ना? मग पुढची चाकं काढली कोणी आणि कधी? दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. जे सापडलं ते लिहितो.

सुरुवात अर्थातच जीपपासून. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली: हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी पाहिजे आणि नमुना ४९ दिवसांत द्या. (आमच्या क्लायंटच्या डेडलाईन्स यापुढे बऱ्या!) बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो वेळेत दिला, पण मोठं काम विलीज आणि फोर्डने नेलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या. सगळ्या एकसारख्या. साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, अरुंद ६.००-१६ मापाचे टायर आणि ड्रायव्हरच्या शेजारी जमिनीतून वर आलेले तीन दांडे: एक गिअरचा, दुसरा पुढची चाकं जोडायचा, तिसरा जोर वाढवायचा. बेस मॉडेल नाही, टॉप मॉडेल नाही. घेणारा एकच होता, आणि त्याला माहीत होतं की गाडी चिखलातच जाणार आहे.

तिसरा दांडा म्हणजे 'लो रेंज'. याची गंमत आकड्यांत कळते. विलीजच्या सीजे-३बी जीपमध्ये पहिला गिअर साधारण २.८, लो रेंज २.४६ आणि एक्सलमधलं गुणोत्तर ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला तर ३७ येतो. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. वेग माणसाच्या चालीइतका, पण जोर सदतीसपट. (वाटेतल्या घर्षणाचं वजा करा, आमच्या मेकॅनिकलच्या मित्रांनी लगेच पत्र लिहू नये.)

इकडे १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली, पोलादाच्या व्यापाराची. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा 'एम'ही महिंद्रचाच झाला. पाटीवरची 'एम अँड एम' ही अक्षरं तशीच राहिली, हे एक बरं! मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात झाली आणि पुढे संपूर्ण गाडीच इथे बनू लागली. जिचं बॉनेट उंच दिसतं ती सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ला आली आणि १९६८ ला बंद पडली. आपल्याकडे तिच्या लेकी-नाती त्यानंतर कित्येक दशकं निघत राहिल्या.

तेव्हा परभणी कुठे होती? निजामाच्या राज्यात. रेल्वे १९०० च्या सुमारास आली होती, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन सरकारी बससेवाही सुरू केली होती. पण रेल्वे स्टेशन आणि मोठी सडक सोडली की पुढे बैलगाडी, घोडं नाहीतर पाय. सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन झालं, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र. या सगळ्या काळात गावात जीप यायची ती सरकारची. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि 'ब्लॉक' हा शब्द मराठीत आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, त्यांच्याबरोबर बीडीओ, आणि बीडीओबरोबर जीप. आजोबा सांगायचे, जीपचा आवाज आला की पोरं धावत सुटायची आणि ज्यांच्याकडे वसुली थकलेली असायची ते उलट्या दिशेला :)

या काळातही गिऱ्हाईक एकच होतं. आधी सैन्य, मग सरकार. पेट्रोलचं बिल साहेबाच्या खिशातून जात नव्हतं, म्हणून तिन्ही दांडे शाबूत राहिले.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आमच्याकडे अजूनही माणसं वय सांगताना 'दुष्काळाच्या साली मी एवढा होतो' असं सांगतात. सरकारने दुष्काळी कामं काढली, त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली (तिचा कायदा १९७७ चा). कामं म्हणजे मुख्यतः पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते. खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, मातीकाम करायचं. आजी तेव्हा विशीतली, नवी नवरी. गावापासून मोठ्या सडकेपर्यंतच्या रस्त्यावर तिने खडी फोडली आहे. सुकडीची चव तिला अजून आठवते. चांगली नव्हती म्हणते, पण आठवते. हे मी आधी अनेकदा ऐकलं होतं. जीपच्या इतिहासाशी त्याचा संबंध आहे हे मात्र या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं.

कारण त्या दुष्काळाने आणि पुढच्या रोजगार हमीने महाराष्ट्रभर कच्च्या का होईना रस्त्यांचं जाळं पसरलं आणि गाडीला गावापर्यंत जायला चारही चाकांची गरज उरली नाही. त्याच सुमारास जीपला डिझेल इंजिन मिळालं. महिंद्रने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला घेतले होते, त्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन जीपमध्ये बसलं. पुढे फ्रान्सच्या पूजोचं डिझेल आलं. डिझेल स्वस्त. आणि आता एक नवं गिऱ्हाईक उभं राहिलं, ज्याचा आजवर कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत फोटो आलेला नाही: काळी-पिवळीवाला.

परभणी, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, कुठल्याही स्टँडच्या बाहेर उभा राहिलेला माणूस काळी-पिवळी ओळखतो. एसटी दोन तासांनी, काळी-पिवळी 'भरली की'. आणि भरली म्हणजे किती? कागदोपत्री दहा, प्रत्यक्षात मोजायची नाहीत. मागे समोरासमोर दोन बाकडी, टपावर पोती, मागच्या फळीवर कॉलेजची पोरं. या माणसाचं गणित सरळ होतं. पुढच्या एक्सलचा डिफरन्शिअल, ट्रान्सफर केस, जास्तीचा शाफ्ट हे सगळं वजन. वजन म्हणजे डिझेल. शिवाय विकत घेतानाही पैसे जास्त आणि बिघडलं की दुरुस्ती वेगळी. त्याबदल्यात मिळणार काय? मोंढा ते गाव या डांबरी फेरीत काहीच नाही. म्हणून त्याने पुढची चाकं सोडली. कंपनीनेही मग पुढे साधा एक्सल टाकून लांब पल्ल्याच्या, लांब बॉडीच्या गाड्या काढल्या. फोर-बाय-फोर मिळायची, पण रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्या मागच्या दोनच चाकांवर.

आणि नावं बघा! कमांडर. मार्शल. मेजर. जीप खरोखर सैन्यात होती तेव्हा तिला नुसते नंबर होते. तिच्यातला सैनिकी भाग काढून टाकला आणि मग हुद्दे मिळाले. मला हे सापडलं तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो, रूममेटने दार उघडून बघितलं.

बाकीच्यांचं थोडक्यात. बजाज टेम्पोची ट्रॅक्स, तीही काळी-पिवळीतलीच. टाटांनी १९८८ मध्ये पुण्यात २०६ हा पिकअप काढला आणि १९९४ मध्ये सुमो. मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ ची, चारही चाकांची आणि पेट्रोलवर, म्हणून ती सैन्यात, पोलिसांत आणि रॅलीत रमली, मोंढ्यात नाही. २००० मध्ये नाशिकहून बोलेरो आली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पंतप्रधान ग्रामसडक योजना. आर्माडा ग्रँडचीच हाडं, वर चौकोनी बंद बॉडी. सरपंच, ठेकेदार, सोसायटीचे चेअरमन, सगळे बोलेरोत बसले. कॅम्पर हा तिचाच मालवाहू भाऊ. तिच्या यादीत फोर-व्हील ड्राइव्हवाली एखादीच, बाकीच्या नावांत फरक एसीचा, सीटच्या कापडाचा आणि पॉवर विंडोचा.

मग पुढची चाकं परत कशी आली? गंमत म्हणजे ती शेतकऱ्यासाठी नाही आली. २०१० मध्ये महिंद्रने थार काढली आणि तिचं जास्त ताकदीच्या इंजिनाचं मॉडेल घ्यायला पुण्या-मुंबईची पोरं उभी होती. म्हणजे आपणच, मंडळी. हिंजवडीत पाच दिवस आणि लोणावळ्याच्या मागे दोन दिवस. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स, जिची किंमत आमच्या काकांनी ऐकल्यावर "एकर म्हनायलास का गाडी?" असं विचारलं. आता फोर-बाय-फोर हा गरजेचा भाग राहिला नव्हता, ती हौसेची पायरी झाली होती. सर्वात वरच्या पायऱ्यांवर ठेवलेली. खालची पायरी हवी पण पुढची चाकंही हवीत, असं म्हणायची सोय बऱ्याचदा नसते. थारचंही पुढे तेच झालं. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार ९ लाख ९९ हजारांपासून आली. २०२४ च्या रॉक्समध्ये फोर-बाय-फोर हवं तर डिझेलच घ्यावी लागली आणि तीही वरच्या मोजक्या व्हेरिअंटमध्ये. काळी-पिवळीवाल्याने जे हिशेबाने केलं तेच मॉलच्या पार्किंगवाल्याने दिसण्यावर भागवून केलं.

इथवर आल्यावर मी भावाला सांगणार होतो की घे बाबा कॅम्परची फोर-व्हील, विषय संपला. पण मधेच त्या पांदणीचा विचार आला आणि डिफरन्शिअल आठवला.

साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. यात घोळ असा की एक चाक बुळबुळीत जागी असेल तर त्याला जेवढा थोडा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. म्हणून एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये असे दोन डिफरन्शिअल. पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरत राहिलं तर चार चाकांची गाडीही बसते. म्हणून डिफरन्शिअल लॉक लागतं, आणि व्हेरिअंटच्या यादीत खरी चौकशी त्याची करावी. पण तेही चिखलाला खाली कुठेतरी घट्ट तळ असेल तर. जुन्या जीपचे अरुंद टायर आणि बैलगाडीची लोखंडी धावेची उंच चाकं एकाच तत्त्वावर चालतात: चिखल कापायचा आणि खालच्या कठीण थराला टेकायचं. आमच्या पांदणीत विहिरी खणताना दहा-बारा फूट नुसतं काळंच निघतं. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत लिंपून जातात आणि महागातला मड टायरही गुळगुळीत होतो. तेव्हा ज्या ट्रॅक्टरने आजीची गाडी ओढली, तोसुद्धा टू-व्हील ड्राइव्हच होता. त्याच्याकडे होती मागची मोठी चाकं, बोटभर उंच रबरी पट्ट्या आणि वजन.

मे महिन्यात गावी गेलो. ओसरीवर लॅपटॉप उघडून काका आणि भावाला एक्सेल दाखवलं. फोर-व्हील, चांगले टायर, विंच, बंपर, सगळं धरून फरक दोन लाखांच्या घरात जात होता. काकांनी चष्मा लावून पूर्ण तक्ता बघितला (इतक्या मन लावून माझ्या मॅनेजरनेही कधी बघितला नाही) आणि म्हणाले,

"दोन लाखात मुरूम किती येतो रे?"

मग नवा तक्ता. अकराशे मीटर लांब, बारा फूट रुंद, अर्धा फूट थर. दोनशे सोळा ब्रासच्या आसपास. काकांनी सांगितलेला भाव धरला तर दोन लाखांत साधारण दोन तृतीयांश. भाऊ चिडला. "काळ्या रानात मुरूम दोन पावसाळे टिकत नाही, खाली दगड पाहिजे. आन आपल्या पैशानं रस्ता करायचा, त्याच्यावरून समद्या शिवाराचे ट्रॅक्टर जानार!" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. काका म्हणाले, "जाऊ दे की. त्या दिवशी त्यातल्याच एकानं वढलं ना आपल्याला."

मी म्हटलं, "काका, पण पुन्हा रात्री-बेरात्री तसं काही झालं तर? मुरूम खचला तर?" त्यावर ते काही बोलले नाहीत. माझ्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. लॉकवाली फोर-बाय-फोर त्या पहाटे निघाली असती का? एकदा वाटतं निघाली असती, एकदा वाटतं पाचशे मीटरवर बसली असती.

शेवटी कॅम्पर आली, टू-व्हीलवाली, पांढरी. पैसे पांदणीला गेले. शेजारच्या चार घरांनी ट्रॅक्टर आणि थोडे पैसे घातले, त्यामुळे खाली दगडही पडला. पण काम सातशे मीटरवर अडलं. तिथून पुढे एका भावकीतल्या माणसाचं म्हणणं आहे की रस्ता त्याच्या बांधात येतोय. तहसीलदारांकडे अर्ज आहे. मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली, जो १९०६ चा आहे, म्हणजे जीपपेक्षाही म्हातारा. तारखा पडत आहेत.

पावसाळ्यात गाडी त्या सातशे मीटरवरच्या लिंबाखाली उभी असते. पुढचे चारशे मीटर पायी, चपला हातात घेऊन. आजी मात्र मृग लागायच्या आधीच परभणीला आत्याकडे राहायला जाते, ती दसऱ्यानंतर परत येते.